डिस्क दिसत नाही, म्हणजे ती गेली असे नव्हे

संगणक सुरू होतो, विंडोज नेहमीसारखे उघडते. पण दुसरी हार्ड डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. ती बिघडलीच, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात डिस्क संगणकाला सापडणे आणि तिच्यातील फाइली वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी फाइल सिस्टीम (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था) ओळखता यावी लागते. ग्रंथालयाची नोंदवही फाटली, तर हवे ते पुस्तक शोधता येत नाही. पण पुस्तके कपाटातच असतात.

म्हणून आधी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तिथे डिस्कला ड्राइव्ह लेटर (डी, ई यांसारखे ओळखीचे अक्षर) नसेल, तर बहुधा ते देताच फाइली दिसू लागतात. ‘ऑफलाइन’ असेल तर ‘ऑनलाइन’ करावे. ‘रॉ’ दिसले तर नोंद बिघडलेली असते किंवा डिस्क लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीवर तयार केलेली असू शकते.

अशा वेळी विंडोज फॉरमॅट करायला सुचवते. ती दुरुस्ती नव्हे. फॉरमॅटने नवी, कोरी नोंद तयार होते; पूर्ण फॉरमॅटमध्ये तर जुना मजकूरही पुसला जातो. ‘कॅन्सल’ दाबून आधी फाइली वाचवाव्यात.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही डिस्क नसेल, तर केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. टकटक आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे न्यावी.