परब की पोरोबो?

सुर्ल्याच्या रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावयाचे म्हणजे घरातली माणसे प्रथम एक पिशवी शोधतात. जुने केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, एक्स-रेची पाकिटे असा सारा पसारा तीत कोंबलेला असतो. आमच्या पावसाळ्यात या कागदांना बुरशी येते, शाई पसरते, आणि नेमका हवा तो कागद वाळवीच्या वाट्याला जातो. मग साखळी, डिचोली, म्हापसा, बांबोळी अशा चार ठिकाणी एकाच दुखण्याची कहाणी नव्याने सांगावी लागते. तेव्हा रुग्णाची नोंद कागदावरून संगणकात जात असेल, तर आम्ही तिचे स्वागतच करतो.

केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात ज्याची इच्छा असेल त्याला 'आभा' नावाचा १४ आकडी क्रमांक मिळतो. नोंदी एका कोठारात जमा होत नाहीत; ज्या रुग्णालयात झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. योजना सुबक आहे.

मात्र क्रमांक द्यावयाचा तर माणूस आधी नावाने ओळखावा लागतो, आणि गोव्यात अडचण आहे ती येथेच. पोर्तुगीज अमदानीत जन्ममृत्यूच्या नोंदी पोर्तुगीज लेखनपद्धतीने होत. तीत परबांचे 'पोरोबो' झाले, कामतांचे 'कामोतीं' झाले, गावकरांतला 'क' रोमन 'सी'ने लिहिला गेला. मुक्तीनंतर तोच 'क' इंग्रजी कागदांवर 'के' होऊन बसला. शाळेच्या जनरल रजिस्टरशी आमचा तीन दशकांचा संबंध आहे, म्हणून ठामपणे लिहितो: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांत एकाच गृहस्थाची तीन नावे असणे आमच्याकडे नवलाचे नाही. आजवर नोटरीपुढे 'ती व्यक्ती मीच' असे प्रतिज्ञापत्र करून माणूस सुटत आला. संगणक प्रतिज्ञापत्र वाचत नाही. त्याच्या लेखी परब निराळे, पोरोबो निराळे. आणि पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद पोरोबोंच्या नावावर पडली, तर परबांना सुई टोचणाऱ्या डॉक्टरला ती दिसणार कशी?

या बदलात धंदा कोठे आहे, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा या भागात ट्रकांवर पोसलेली घरे कशी हवालदिल झाली, हे आम्ही पाहिले आहे. संगणकप्रणाली विकणाऱ्या बड्या कंपन्यांशी आमच्या मुलांनी झुंजावे, असे नव्हे. अमेरिकेने २००९ च्या कायद्यान्वये या कामी अब्जावधी डॉलर ओतले. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून रुग्णालये, प्रयोगशाळा व प्रणाली पुरविणाऱ्या कंपन्या यांना डिजिटल नोंदींच्या संख्येवर प्रोत्साहनाची रक्कम देऊ करण्यात आली, कमाल ४ कोटी रुपयांपर्यंत. संख्येवर पैसा मिळू लागला की नोंदी भराभर होतात. त्या बरोबर झाल्या की नाही, हे कोण पाहणार?

गावच्या मुलाला जमण्यासारखे काम ते हेच. पुण्या-बंगळुरूच्या टेबलाशी बसलेल्याला पोरोबो आणि परब एकच हे उमगणार नाही. सुर्ल्याच्या पोराला ते सांगावे लागत नाही. एखाद्या लहान दवाखान्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या जुन्या वह्या, नावे ताडून, रुग्णाला विचारून संगणकात उतरवून देणे हा दोघातिघांनी मिळून करण्याजोगा व्यवसाय आहे. भांडवल थोडे लागते. चिकाटी आणि तोंड मिटून ठेवण्याचा गुण मात्र भरपूर हवा. कोणाला क्षय आहे, कोणत्या सुनेचा गर्भ राहत नाही, हे सारे त्या मुलाच्या डोळ्यांखालून जाणार. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात तो पोहोचायचा आहे!

वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे. आभा क्रमांक बहुधा आधारवरून निघतो, त्यामुळे तेथली चूक पुढे सर्वत्र जाते. घरातील ज्येष्ठांचे जन्मदाखले, आधार आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड एका बैठकीत समोर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि फरक आढळल्यास दुरुस्ती आधी करून घ्यावी, क्रमांक मागाहून काढावा.