ओळ संपते तिथला श्वास

नगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींच्या पियानोत पावसाळाभर एक चाळीस वॅटचा दिवा जळत असे. उजेडासाठी नव्हे. खालची फळी काढून तो आत, तारांच्या पायथ्याशी ठेवलेला असायचा. दमट हवेनं लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही, म्हणून ही ऊब. तरी श्रावणात मधल्या सप्तकातली एक पट्टी अडकायचीच. मावशी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारी चर्चहून आल्या की चहा टाकायच्या आधी त्या पियानोशी बसत आणि सकाळी म्हटलेली दोन-तीन गीतं पुन्हा वाजवत. नुसती, न गाता. अडकलेली पट्टी आली की नखानं ती उचलायची आणि पुढं जायचं. तो थांबा चालीतलाच आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पुढं तीच चाल दुसऱ्याकडून ऐकली, तिथं थांबा नव्हता, आणि चक्क चुकल्यासारखं वाटलं.

ख्रिस्ती उपासनेतल्या या गीतांना इंग्रजीत ‘हिम’ म्हणतात. आपण तो शब्द बर्फासाठी राखून ठेवल्यामुळं मराठी ख्रिस्ती घरांत ‘गीत’च म्हणतात, ते बरंच आहे. ही गीतं एकट्या पियानोवर वाजवलेली ऐकणं हा आता मोठा व्यवहार झाला आहे. फोनवर तासन् तास चालणारी ध्वनिमुद्रणं मिळतात: झोपेसाठी, अभ्यासासाठी, योगासनांसाठीसुद्धा. त्यातली पुष्कळशी ऐकून मी हा लेख लिहायला बसलो आहे, आणि त्यातली बरीचशी एकाच कारणानं फसलेली आहेत. ते कारण समजायला आधी गीताची घडण पाहावी लागते.

इंग्रजी गीतांच्या पुस्तकात चालीपाशी आकडे छापलेले असतात: 8.6.8.6 किंवा 10.10.10.10. हा ओळीतल्या अक्षरांचा हिशेब. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चारशी ज्याचा परिचय आहे त्याला हे नवं नाही. हिशेब जुळला की कुठलंही गीत कुठल्याही चालीवर बसतं, म्हणून तिथं चालीला स्वतःचं वेगळं नाव असतं. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन या एकेकाळी गुलामांची जहाजं चालवणाऱ्या, पुढं पाद्री झालेल्या माणसाचे. ते 1779 मध्ये छापले गेले. आज आपण जी चाल ओळखतो तिचं नाव ‘न्यू ब्रिटन’, आणि ती त्या शब्दांना चिकटली 1835 मध्ये, अमेरिकेत, विल्यम वॉकर यांच्या ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात. म्हणजे न्यूटन यांनी आपलं सर्वात गाजलेलं गीत या चालीत कधी ऐकलंच नाही. चाल पाच स्वरांची, भूपातल्या सा रे ग प ध या स्वरांची. पियानोच्या नुसत्या काळ्या पट्ट्यांवर ती पूर्ण वाजते आणि लहान मुलांना ती तशीच शिकवतात. भूप मात्र ती नव्हे. भूपाचं चलन तिच्यात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

शब्द काढून घेतले की चाल उरते, आणि चालीत शब्दांचा श्वास उरतो. चर्चमध्ये शंभर माणसं एका वेळी गातात, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी शंभर छात्या एकदम भरतात. ती जागा चालीत लिहिलेली असते. आपल्याकडं सतारीवर गायकी अंग वाजवतात तेव्हा जी अपेक्षा असते तीच इथं आहे: वाजवणाऱ्याच्या मनात ओळ चालू असली पाहिजे आणि ती संपली की त्यानं दम घेतला पाहिजे.

‘अबाइड विथ मी’ घ्या. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, 1847 चे. चाल ‘इव्हन्टाइड’, विल्यम हेन्री मंक यांची, 1861 च्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’मधली. पहिली ओळ आपल्या स्वरांत अशी: ग, ग रे, सा, प, मग ध प प म, ग. पहिला ग दोन मात्रांचा. ऑर्गनवर पट्टी दाबून धरली की तो ग दोन मात्रा तसाच उभा राहतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून स्वर मरायला लागतो. दुसऱ्या मात्रेला तो निम्माही उरलेला नसतो. मींड नाही, फुंकर नाही, भाता नाही. एकदा वाजवलं की हाताबाहेर गेलं. मावळतीचं गीत मावळत्या स्वराच्या वाद्यावर वाजतं, ही गंमत संगीतकाराला अभिप्रेत नव्हती, पण ती आहे. चांगला वादक तो ग विरू देतो. पुढचे ग रे सा त्या विरलेल्या उंचीवरूनच हलके उतरतात, मग प वर उडी येते तेव्हा ती खरोखर उडी वाटते. कच्चा वादक घाबरतो. रिकामी जागा दिसली की तिथं डाव्या हातानं स्वरांची माळ ओततो, खालून वर, वरून खाली, नळ उघडा राहिल्यासारखी. फोनवरची निम्मी ध्वनिमुद्रणं अशी ओली आहेत.

हे भरणं आलं, त्याला मात्र मजबूत कारण आहे. छापील पुस्तकात गीत चार आवाजांत असतं. दोन उजव्या हाताला, दोन डाव्याला. ते जसंच्या तसं पियानोवर वाजवलं तर कोरडं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुवार्तिकांच्या सभा हजारोंच्या असत, ध्वनिवर्धक नव्हते आणि पियानोला त्या गर्दीच्या गाण्यावर स्वार व्हायचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचा रॉबर्ट हार्कनेस 1902 मध्ये टॉरी आणि अलेक्झांडर या सुवार्तिकांच्या सभांना वादक म्हणून जोडला गेला. खर्ज सप्तकात दुप्पट करायचा, मधल्या जागा भरायच्या, ओळीच्या शेवटी पट्ट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाव घ्यायची, ही शैली त्याच्यासारख्यांनी घडवली आणि शिकवली. पुढं कॅलिफोर्नियातल्या ‘ओल्ड फॅशन्ड रिव्हायव्हल अवर’ या रेडिओ कार्यक्रमातून रूडी अ‍ॅटवुडनं ती घराघरांत नेली. सभेत ती शोभायची, कारण गाणारे होते. लोक श्वास घेत तेवढ्यात पियानो बोलून घेई. गाणारे उठून गेले, पियानो एकटा उरला, तरी तो ती जागा भरतच राहिला. दुखणं इथं आहे.

जर्मनांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता. संगीतकार शूमान यांच्या 1848 च्या ‘आल्बम फॉर द यंग’मध्ये एकच जुनं उपासनागीत दोनदा येतं. चौथ्या क्रमांकाला साधं, चार आवाजांत, नवशिक्याच्या बोटांसाठी. बेचाळिसाव्याला तेच, पण भोवती वेलबुट्टी काढलेलं. दोन्ही लागोपाठ वाजवून पाहावीत. वेलबुट्टीत चाल कुठं हरवत नाही, कारण ती तिच्या ओळी ओलांडत नाही.

बाखच्या 1723 च्या 147 क्रमांकाच्या कँटाटामधला, इंग्रजीत ‘जीझस, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ म्हणून ओळखला जाणारा भाग मायरा हेस या इंग्रज पियानोवादक बाईंनी पियानोसाठी उतरवला. 1926 मध्ये तो छापून आला. मूळ गीताची चाल बाखची नव्हेच. ती योहान शोप यांची, सतराव्या शतकातली. बाखनं भोवती तीन-तीनच्या लडी गुंफल्या, त्या अखंड चालतात आणि मधूनमधून जुनं गीत एकेक ओळ घेऊन येतं, थांबतं, परत येतं. इथं लडी भरताड नाहीत. त्या वाट आहेत आणि गीत वाटसरू. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली, भिंती ओक्याबोक्या झाल्या, तेव्हा हेसबाईंनी तिथं दुपारच्या मैफली सुरू केल्या. ऑक्टोबर 1939 पासून युद्ध संपेपर्यंत आणि नंतरही काही महिने त्या चालल्या. जर्मनीशी लढाई चालू असताना जर्मन लुथरन गीत लंडनकर ऐकत होते. हाच तुकडा रुमानियाचा पियानोवादक दिनू लिपाटी वाजवायचा. 16 सप्टेंबर 1950 ला फ्रान्समधल्या बेझान्सोंला त्याची शेवटची मैफल झाली. आजार इतका बळावला होता की शोपँच्या चौदा वॉल्ट्झपैकी शेवटचा त्याच्यानं वाजवला गेला नाही. त्याऐवजी त्यानं हे गीत वाजवलं, असं सांगतात. डिसेंबरात तो गेला. वय तेहतीस. त्याची स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. एका ठरावीक वेगानं, कुठंही न रेंगाळता वाजवलेली. भक्ती दाखवायची नसते, हे ऐकून कळतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोष्ट आणखी वेगळी. तिथं पियानो म्हणजे तालवाद्यच. टेक्ससची अंध अ‍ॅरिझोना ड्रेन्स हिनं 1926 मध्ये शिकागोत ओकेह कंपनीसाठी ध्वनिमुद्रिका केल्या. गीत देवाचं, डावा हात दारूच्या गुत्त्यातला. उलट दिशेनं आला थॉमस डॉर्सी. ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज वाजवणारा, ब्लूज गायिका मा रेनीचा साथीदार. 1932 मध्ये तो दुसऱ्या गावी असताना बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं. त्याची चालही ‘मेटलंड’ या जुन्या चालीवर बेतलेली.

थेलोनियस मंक या जाझच्या विक्षिप्त वादकानं विशीच्या आधी एका सुवार्तिक बाईंच्या फिरत्या सभांत पियानो वाजवला होता. 1957 च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात ‘अबाइड विथ मी’नं होते, मिनिटभराची, नुसत्या फुंकवाद्यांवर. पियानो तिथं गप्प आहे. चालकर्त्याचं आडनावही मंक, हा योगायोग त्याला नक्की आवडला असणार. दहा वर्षांनी त्यानं ‘ब्लेसेड अ‍ॅश्युरन्स’ एकट्यानं वाजवलं, दोनेक मिनिटांत. त्या गीतात चाल आधी आली होती. 1873 मध्ये फीबी नॅप यांनी ती आपल्या अंध मैत्रिणीला, हजारो गीतं रचणाऱ्या फॅनी क्रॉस्बी यांना वाजवून दाखवली, ही चाल काय म्हणते असं विचारलं आणि शब्द तिथल्या तिथं आले, अशी आठवण सांगतात. मंक वाजवतो त्यात स्वर थोडे वाकडे आहेत, पायरी चुकल्यासारखे. पण प्रत्येक ओळीनंतर तो थांबतो. माझ्या लेखी एकट्या पियानोवरच्या गीताचा हा सर्वोत्तम नमुना आहे.

वाकड्या स्वरांवरून संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज आठवतात. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीचे. वडील बँडमास्तर. तंबूतल्या सभांत एक म्हातारा गवंडी बेसूर पण जीव तोडून गायचा. कुणी त्याची तक्रार केली तेव्हा वडील म्हणाले की तो सर्वात थोर गाणाऱ्यांतला आहे, त्याचा चेहरा पाहा, स्वरांकडं फार लक्ष देऊ नका. मुलानं ते आयुष्यभर मानलं. त्याच्या पहिल्या पियानो सोनाटात सभांमधली गीतं येतात ती अशीच, एकमेकांवर आदळत. पहिल्यांदा ऐकताना गोंगाट वाटेल. मलाही वाटला होता. मग शेजारचा पियानो आठवला.

अलीकडच्या वादकांत सायरस चेस्टनट यांची 1996 ची ‘ब्लेसेड क्वायटनेस’ ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. चर्च आणि जाझ दोन्ही त्यांच्या बोटांत आहेत. हँक जोन्स यांची चार्ली हेडन यांच्या डबल बाससोबतची, 1995 मध्ये आलेली ‘स्टील अवे’ एकट्या पियानोची नाही, पण तिच्यातली गीतांची मालिका सोडवत नाही. अँथनी बर्गर यांची गोष्ट वेगळ्याच जातीची. आठ महिन्यांचे असताना भट्टीच्या जाळीवर पडून दोन्ही हात भाजले, डॉक्टरांनी आशा सोडली, तेच हात पुढं सभागृहं गाजवू लागले. 2006 मध्ये जहाजावरच्या कार्यक्रमात पियानो वाजवतानाच ते कोसळले. त्यांची शैली मला दणदणीत वाटते, हार्कनेसच्या घराण्याची. तयारी मात्र निर्विवाद.

आपल्याकडं या चाली फक्त चर्चमध्ये राहिल्या नाहीत. ‘अबाइड विथ मी’ गांधीजींच्या आवडीचं, आणि 1950 पासून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या सोहळ्यात ते घंटांच्या निनादात वाजत आलं. 2022 मध्ये ते वगळलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. पियानो विकणारं फुर्टाडोज मुंबईत 1865 पासून आहे. पण मराठी ख्रिस्ती उपासनेत पियानोपेक्षा पेटीच रुळली, आणि त्याचं मोठं श्रेय रेव्हरंड ना. वा. टिळकांना. इंग्रजी चालींत कोंबलेले मराठी शब्द कसे अडखळतात हे त्यांना कळलं होतं. त्यांनी भजनाच्या, कीर्तनाच्या अंगानं गीतं रचली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आज दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदतात.

मावशींच्या पियानोवरही ती नांदत. इंग्रजी चाल झाली की त्या टिळकांचं एखादं गीत घेत. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर पियानोत नसतो, म्हणून त्या जिथं मींड हवी तिथं खालची पट्टी निसटती लावून वरची वाजवत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही. मी कधी ध्वनिमुद्रण केलं नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, आठवलंच नाही.

नगर, पुणे, सोलापूर, मुंबईत, तुमच्या ओळखीच्या कुठल्या घरी ‘उपासना संगीत’ पियानोवर वाजवणारं कुणी असेल तर पुढच्या रविवारी जा, फोन पियानोवर ठेवा आणि अर्धा तास वाजवायला सांगा. पट्टी अडकत असली तरी दुरुस्तीची वाट पाहू नका.