धुराचा हिशेब : डिझेल रेल्वेइंजिनांपुढे कठोर मानकांचे आव्हान

पुणे - मुंबईकडून येणारे विद्युतीकरण १९२९ मध्येच पुण्यापर्यंत पोचले. मिरज-कोल्हापूरच्या दिशेने मात्र दीर्घकाळ डिझेलवाचून पर्याय नव्हता. घोरपडीच्या डिझेल लोको शेडचे महत्त्व त्यातूनच वाढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. तरीही शंटिंग आणि आपत्कालीन कामांसाठी डिझेल इंजिने लागतातच. त्यामुळे त्यांच्या धुराचा प्रश्न संपलेला नाही.

या गाड्यांत डिझेल इंजिन चाके थेट फिरवीत नाही. ते अल्टरनेटर फिरविते आणि त्या विजेवर ट्रॅक्शन मोटारी चालतात. चालकाने नॉच वाढविला, की इंधन लगेच वाढते. टर्बोचार्जरला वेग घेऊन पुरेशी हवा पुरविण्यास मात्र काही क्षण लागतात. तेवढ्यात इंधन अर्धवट जळते आणि काळा धूर बाहेर पडतो.

खरी अडचण पुढेच आहे. ज्वलनाचे तापमान वाढविले, तर काजळी घटते. पण हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. तापमान उतरविले, तर नेमके उलट घडते.

अमेरिकेने २०१५ पासून नव्या इंजिनांना लागू केलेल्या 'टियर ४' मानकात दर अश्वशक्ती-तासाला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा १.३ ग्रॅम, तर सूक्ष्म कणांची ०.०३ ग्रॅम आहे. 'टियर २'मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ५.५ ग्रॅम होती. जनरल इलेक्ट्रिकने धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्याचा मार्ग पत्करला. 'ईएमडी'ला या मानकासाठी आपले ७१० मालिकेतील दोन-स्ट्रोक इंजिन बाजूला ठेवून चार-स्ट्रोक इंजिन आणावे लागले. भारतीय रेल्वेच्या 'डब्ल्यूडीजी-४'मध्ये याच ७१० मालिकेचे इंजिन आहे.

भारतात रस्त्यावरील वाहनांना १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' मानके लागू झाली. रेल्वेइंजिने त्यांच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय रेल्वेइंजिन तीन दशकांहून अधिक काळ सेवेत राहू शकते. केवळ नव्या इंजिनांसाठी नियम करून भागत नाही. अमेरिकेने १९७३ पासूनची जुनी इंजिनेही पुनर्बांधणीच्या वेळी मानकांच्या कक्षेत आणली, ती यासाठीच.

विद्युतीकरणानंतर उरलेल्या इंजिनांवर असा खर्च करावा काय, हा प्रश्न रास्त आहे. मात्र शंटिंगचे इंजिन मोकळ्या माळावर नव्हे, तर स्थानक, शेड आणि वस्तीलगत तासन्‌तास चालू असते. त्याचा धूर कामगारांच्या व रहिवाशांच्याच श्वासात जातो. इंजिनांची संख्या घटली, तरी हा हिशेब चुकत नाही.