महिला मंडळ : उंबरठ्यापलीकडचे हक्काचे घर

जानेवारी उजाडला, की सोलापूरचे रूप पालटते. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, गड्डा गजबजतो आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाची निमंत्रणे फिरू लागतात. या दिवसांत गृहिणींना घराबाहेर पडण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. रथसप्तमी उलटली, की मात्र ही वर्दळ ओसरते. नोकरी करणारी स्त्री कार्यालय आणि स्वयंपाकघर यांच्यात अडकते, तर गृहिणी चार भिंतींत. 'आता पुन्हा कधी भेटायचे?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पुढच्या संक्रांतीवर ढकलले जाते.

महिला मंडळाची किंवा महिला क्लबची खरी गरज येथे सुरू होते. मंडळ म्हटले, की भिशी, साडी आणि साबुदाणा खिचडी एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. 'रिकामटेकड्या बायकांचा उद्योग' अशी थट्टाही होते. प्रत्यक्षात आपल्याकडील स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग अशाच बैठकांतून घडला आहे.

वेळ कोणाचा, किती?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया घरच्या विनामोबदला कामांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. मुले, वृद्ध आणि आजारी यांची शुश्रूषा यात धरलेली नाही. म्हणजे स्त्रीच्या दिवसातले जवळजवळ पाच तास घरकामातच जातात. पुरुषाला चौकातला कट्टा, चहाची टपरी, तालीम, वाचनालयाचा ओटा अशी बसण्याउठण्याची ठिकाणे आपसूक मिळतात. स्त्री मात्र घराबाहेर पडली, की कुठे निघाली आणि कधी परतणार, हे आधी विचारले जाते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भरणारी मंडळाची बैठक या प्रश्नांचे उत्तर आधीच देऊन ठेवते. 'आज माझे मंडळ आहे,' हे वाक्य घरात एकदा रुळले, की त्या दोन तासांवर तिचा हक्क प्रस्थापित होतो.

परंपरा जुनी आहे

क्लब हा शब्द परका असला, तरी स्त्रियांनी स्वतःची संस्था काढण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळ स्थापन केले. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला सर्व जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसावे, हा त्यांचा आग्रह त्या काळात धाडसाचा होता. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. पुढे रमाबाई रानडे यांनी १८९४ मध्ये मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. त्या क्लबात स्त्रिया केवळ गप्पांसाठी जमत नसत. वक्तृत्व, शिवण आणि हस्तकला यांचे वर्ग तेथे चालत. त्याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. सेवासदनचे नाव आज सोलापूरकरांना शाळेमुळे घरचे वाटते. मुलींच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात जी परिषद भरली, तिच्यातूनच अखिल भारतीय महिला परिषद आकाराला आली.

पश्चिमेतील कथाही याहून वेगळी नाही. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार संघाने चार्ल्स डिकन्स यांच्या सन्मानार्थ भोजन योजले, तेव्हा स्त्री पत्रकारांना दार बंद होते. त्या अपमानातून जेन कनिंगहॅम क्रोली यांनी 'सोरोसिस' हा स्त्रियांचा क्लब स्थापन केला. आज अनेक शहरांत परिचित असलेल्या इनर व्हील क्लबचा आरंभ १० जानेवारी १९२४ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे मार्गारेट गोल्डिंग यांनी केला. रोटरीचे सदस्यत्व त्या वेळी केवळ पुरुषांसाठी होते. ती अट १९८९ मध्ये हटली. जेथे जेथे स्त्रियांना बाहेर ठेवले गेले, तेथे तेथे त्यांनी आपले स्वतंत्र दार उघडले, असेच या इतिहासाचे सार आहे.

लाभ कोणते?

पहिला लाभ ओळखीचा. विवाहानंतर स्त्रीचा परिचय बहुधा नवऱ्याच्या, मुलांच्या किंवा नात्यागोत्याच्या मार्गाने होतो. 'अमक्यांच्या सूनबाई' आणि 'तमक्याची आई' या ओळखींच्या पलीकडे, स्वतःच्या नावाने हाक मारणाऱ्या मैत्रिणी मंडळात मिळतात. सोलापुरात तर या ओळखीला आणखी एक पदर आहे. मराठी, तेलुगू आणि कानडी या तीन भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात. नवरात्रात एका अंगणात भोंडला, तर दुसऱ्या अंगणात बतुकम्मा रंगतो. पण दोन्ही अंगणांतल्या स्त्रिया एकमेकींना ओळखतातच असे नाही. जात, भाषा आणि पेठ यांच्या सीमा ओलांडणारे मंडळ हे अंतर कमी करू शकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की नोकरीसारख्या संधींची नवी माहिती जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. चांगला डॉक्टर, शिकवणी, भाड्याचे घर किंवा घरगुती व्यवसायाला पहिले गिऱ्हाईक मंडळातून मिळते, त्यामागचे कारण हेच.

दुसरा लाभ आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो. तत्पूर्वी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. मंडळात गेल्याने आयुष्य वाढतेच, असा याचा अर्थ नव्हे. पण मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, पती निवृत्त झाले वा निवर्तले, अशा वळणावर आठवड्यातून एकदा आपली कोणीतरी वाट पाहते, ही जाणीव औषधाइतकीच मोलाची ठरते. बैठकीला न आलेल्या सभासदाच्या घरी दूरध्वनी करण्याची साधी प्रथाही पुष्कळ काही वेळेवर लक्षात आणून देते.

तिसरा लाभ कारभाराच्या शिक्षणाचा. मंडळाची अध्यक्ष सभा चालवते, चिटणीस इतिवृत्त लिहिते, खजिनदार जमाखर्च मांडते. चारचौघींसमोर मत मांडणे, विरोध ऐकून घेणे, बहुमत मान्य करणे ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. गृहनिर्माण सोसायटीची सभा असो, शाळेचा पालक संघ असो किंवा महापालिकेकडे पाण्यासाठी द्यायचे निवेदन असो, हा सराव तेथे कामी येतो. संघटित स्त्रिया काय करू शकतात, याचे मोठे उदाहरण शहराला लागूनच आहे. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेतून आणि दीर्घ लढ्यातून उभी राहिली. २००६ मध्ये त्यांचे हस्तांतरण झाले. कामगार संघटना आणि सामाजिक क्लब यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. तथापि एकत्र बसल्याविना एकत्र मागणे शक्य होत नाही, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

हळदीकुंकू कोणासाठी?

मंडळाची खरी कसोटी मात्र वेगळी आहे. पतीच्या निधनानंतर जी सभासद हळदीकुंकवाच्या दिवशी घरी राहते, तिच्यासाठी मंडळ काय करते? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. या मोहिमेमागे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांचा पुढाकार होता. खेड्यातील ग्रामसभा जे करू शकते, ते शहरातील सुशिक्षित मंडळाला अशक्य नाही. तिळगुळाच्या समारंभात सर्वांना समान वाण आणि समान मान, असा नियम घटनेतच लिहिला, तर कोणा एकीला धिटाई दाखवावी लागत नाही आणि कोणा एकीला अपमान गिळावा लागत नाही. एकट्या घराला जो बदल जड जातो, तो मंडळाला पेलतो.

भिशी : सोय आणि जोखीम

बहुतेक गटांत भिशी असतेच. बारा जणींनी दरमहा १,००० रुपये भरले, तर दर महिन्याला एकीच्या हाती १२,००० रुपये पडतात. पहिल्या महिन्यात रक्कम उचलणारीला ते बिनव्याजी कर्ज ठरते. शेवटी उचलणारीची ती सक्तीची बचत होते, मात्र तिला व्याज मिळत नाही. सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. रक्कम उचलून झाल्यावर एखादीने हप्ते थांबवले, तर उरलेल्यांना फटका बसतो. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे. पण घरगुती भिशीची नोंदणी नसल्याने त्या कायद्याचे संरक्षण तिच्या सभासदांना मिळत नाही. म्हणून भिशीची रक्कम बुडाली तरी संसार अडणार नाही इतपतच ठेवावी, सही असलेली वही ठेवावी आणि जादा परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजनेपासून दूर राहावे. कर्जाची वा उद्योगाची खरी गरज असणाऱ्यांनी बँकेशी जोडलेल्या बचत गटाचा मार्ग धरावा. त्यासाठीची जोडणी १९९२ पासून नाबार्डने सुरू केली आहे.

सभासद होण्यापूर्वी

मंडळ निवडताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी किती? वर्षाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो का? पदाधिकारी निवडणुकीने बदलतात, की वर्षानुवर्षे त्याच राहतात? सभासदत्व कोणत्याही जातीच्या, भाषेच्या आणि वैवाहिक स्थितीच्या स्त्रीला खुले आहे का? दर भेटीला नवी साडी आणि महागडे भोजन यांचाच आग्रह असेल, तर मध्यमवर्गीय स्त्रीला तेथे आनंदापेक्षा ताणच अधिक होईल. एका-दोन बैठकांना पाहुणी म्हणून हजर राहून मग निर्णय घेणे उत्तम. घरातील अडचणी बोलताना त्या बैठकीबाहेर जाणार नाहीत, हा संकेत पाळला जातो का, हेही पाहावे. तो पाळला जात नसेल तर मैत्रीची जागा कुजबुज घेते.

जवळपास मंडळ नसेल, तर नवे काढणे कठीण नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणी एकत्र आल्या, तर संस्थेची नोंदणी होऊ शकते; महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तालयाच्या कार्यालयातून चालते. नोंदणी झाली, की संस्थेच्या नावे बँकेत खाते उघडता येते आणि पैशाचा व्यवहार व्यक्तीच्या पिशवीतून बाहेर पडतो. बैठकीची वेळ ठरवताना सोलापूरचा उन्हाळा ध्यानात ठेवावा. चाळीस अंशांच्या दुपारी कोणी येत नाही, आणि संध्याकाळची वेळ ठेवायची तर घरच्या पुरुषांनी त्या दिवशी चहा-स्वयंपाक सांभाळायला हवा.

ही अखेरची अट वाटते तितकी किरकोळ नाही. आठवड्यातून दोन तास घरातील बाईला मोकळे करणे हे कुटुंबाने तिच्यावर केलेले उपकार नव्हेत. त्या २८९ मिनिटांतले थोडे ओझे इतरांनी उचलले, तरच मंडळाचे दार तिच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडेल.