रुपयाच्या प्रश्नापासून खोतीच्या प्रश्नापर्यंत

डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या राजकारणाचा विचार बहुधा जातिव्यवस्था आणि राज्यघटना या दोन अंगांनी होतो, त्यामुळे ते अर्थशास्त्राचे पंडित होते ही गोष्ट चरित्रातल्या पदव्यांच्या यादीपुरती उरते, आणि हे मोठे नुकसान आहे. कारण त्यांच्या विधिमंडळातील पुढच्या कामाची बीजे त्यांच्या प्रबंधांतच सापडतात. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्तव्यवहार, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचे शास्त्र, शिकले आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले.

१९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाविषयीचा प्रबंध चलनावरचा आहे. १८७३ नंतर जगाच्या बाजारात चांदी स्वस्त होत गेली आणि चांदीचा असलेला रुपया पौंडाच्या तुलनेत घसरला. पुढे सरकारने ‘सुवर्ण विनिमय परिमाण’ स्वीकारले. या पद्धतीत देशात सोन्याची नाणी न खेळवता परदेशी हुंडणावळीचा, म्हणजे दोन चलनांच्या अदलाबदलीचा, दर सरकार सांभाळते. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने या पद्धतीची भलामण केली होती, तरीही आंबेडकरांनी तिला विरोध केला, कारण रुपये पाडण्याचे प्रमाण सरकारच्या मर्जीवर राहिले तर देशातील किमती स्थिर राहणार नाहीत, आणि सामान्य माणसाचा संबंध परदेशी दराशी नसून बाजारातील किमतींशी असतो, असे त्यांचे म्हणणे होते. रुपया घसरल्याने निर्यात वाढते हे त्यांनी नाकारले नाही, मात्र किमती जेवढ्या वेगाने चढतात तेवढ्या वेगाने मजुरी चढत नाही, म्हणून व्यापाऱ्याचा नफा हा बाहेरून आलेले धन नसून देशातल्याच मजुराच्या खिशातून गेलेला पैसा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली खरी, परंतु रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथातूनच जन्मली हा दावा पुराव्यापलीकडे जातो. भार कोणाच्या माथी पडतो हा प्रश्न चलनाच्या रूक्ष चर्चेत आणणे, यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.

मुंबई कायदेमंडळात १९२७ साली अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच प्रश्न शेतसाऱ्याला लावला. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी मिळकतीवर प्राप्तिकर नसतो, शेतसारा मात्र पीक येवो न येवो एक एकरवाल्यालाही चुकत नाही, ही विषमता त्यांनी मांडली. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कोकणात सरकार आणि कुळे यांच्यामध्ये खोत असे. तो सारा वसूल करी आणि कुळांकडून त्याहून बरेच अधिक उकळी. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. विधेयक संमत झाले नाही, खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला. १९३८ साली कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत ७ नोव्हेंबरला मोठा संप झाला, त्यातही ते अग्रभागी होते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी सुधारणा याच काळातली, तसेच दामोदर खोऱ्याची पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांना एकत्र जोडणारी योजनाही. १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी लिहिले होते की, तुकड्यांची नुसती जोडणी करून भागणार नाही, शेतीवर विसंबलेल्या जादा माणसांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे; वीज आणि धरणे यांकडे ते याच दृष्टीने पाहत. १९४७ साली घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात तर ते आणखी पुढे गेले: मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या ताब्यात असावेत आणि ही तरतूद कायद्यात नव्हे तर घटनेतच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताला ती सहज पुसता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.