पडण्याआधीचं एक मिनिट

आषाढी एकादशीच्या सकाळी माझी मावशी गॅसपाशी उभी राहून साबुदाण्याची खिचडी परतत होती. 'कसंतरीच होतंय गं,' एवढं म्हणाली आणि ओट्याला धरत धरत खाली बसता बसता कोसळली. मिनिटभरात डोळे उघडले, सगळ्यांना ओळखलं, खिचडी खाली लागली का तेही विचारलं. संध्याकाळी दवाखान्यातून घरी आली ती हातात चिठ्ठी घेऊन: टू-डी एको, चोवीस तासांचं होल्टर, स्ट्रेस टेस्ट, मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर, मेंदूचा एमआरआय. काका म्हणाले, ''हृदयाचा प्रश्न आहे, पैशाकडे बघायचं नाही.'' आपल्या माणसासाठी आपण सगळेच असं म्हणतो. मला मात्र यातली कोणती तपासणी कशासाठी, हे विचारावंसं वाटलं.

मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला की शुद्ध हरपते. तो का थांबला, हे शोधायचं असतं. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर ढकलण्यासाठी रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात चालतं. उकाडा, गर्दी, वेदना, रक्त दिसणं अशा वेळी काहींच्या शरीरात नेमकं उलटं घडतं: व्हेगस मज्जातंतू हृदयाचा लगाम खेचतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं. हीच 'व्हॅसोव्हेगल' भोवळ. बेशुद्धीचं सर्वाधिक आढळणारं कारण हेच, आणि ते सहसा जिवावर बेतत नाही. आडवं झालं की रक्त मेंदूकडे परततं. म्हणून पडलेल्याला धरून बसवू नका. झोपू द्या, पाय उंच करा.

युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनात सुरुवात तीनच गोष्टींनी होते: घडलेल्या प्रसंगाची नीट विचारपूस, अंगतपासणी (त्यात झोपून आणि उभं राहून बीपी) आणि ईसीजी. महागड्या तपासण्या त्यानंतर, त्याही यातून काही संशय आला तर.

हृदयाचे ठोके सतत नोंदवणाऱ्या होल्टरचंच घ्या. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र जवळपास ३८ किलोचं, पाठीवर वाहायचं. आज ते खिशात मावतं. पण झटका त्याच चोवीस तासांत आला, तरच त्यात पकडला जाणार. वर्षातून एकदा पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही शक्यता ३६५ मध्ये एक. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे हृदय निर्दोष ठरलं, असा समज करून घेणं धोक्याचं आहे. झटके क्वचित येत असतील आणि संशय दाट असेल, तर छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर जास्त कामाचा. तो महाग खरा, पण दोन-तीन वर्षं पहारा देतो. नुसत्या भोवळीसाठी मानेचं डॉप्लर आणि मेंदूचं स्कॅन यांतून सहसा काहीच हाती लागत नाही.

मावशीला आम्ही ओळखीच्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी ईसीजी पाहिला, तो ठीक होता. मग तिला पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं: वरचं १३८. उभं केलं, तीन मिनिटांत १०८. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं की ते दोषाचं लक्षण. ''नवी गोळी कोणती सुरू झाली?'' त्यांनी विचारलं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, पंधरा दिवसांपूर्वी. वर निर्जळीसारखा उपास. त्यांनी औषध बदललं, पाणी वाढवायला सांगितलं आणि चिठ्ठीतल्या तपासण्या तूर्त थांबवल्या.

हाच नियम सगळ्यांना लावू नका. भरतीच्या सरावात धावता धावता पोरगा कोसळला, तर एको लगेच हवा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार तरुणांत असाच लपलेला असतो. कसलीही चाहूल न लागता पडणं, झोपलेले असताना शुद्ध जाणं, आधी छातीत धडधड किंवा दुखणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू, आधीचा हृदयविकार, ईसीजीत बिघाड: यांपैकी एकही असेल तर कर्ज काढावं लागलं तरी तपासणी पुढे ढकलू नका.

घरात कुणी पडलं, तर पाहणाऱ्याने त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावं: उभा होता की बसलेला, आधी काय म्हणाला, चेहरा पांढरा पडला का, शुद्ध किती वेळात आली. तो कागद आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि प्रत्येक तपासणीपुढे विचारा, ''यातून काय कळेल आणि त्याने उपचार बदलेल का?''