तलफ आणि तयारी : वाफ ओढण्याच्या तत्पर साधनाची निवड

सुकलेली वनस्पती न जाळता केवळ तापवून तिचा अंश वाफेच्या रूपाने ओढावयाची यंत्रे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत प्रचारात आली. त्यांना तेथे व्हेपोरायझर म्हणतात. मराठीत त्यांस बाष्पक म्हणावयास हरकत नाही. या यंत्रांचे वर्गीकरण ती वापरणारे लोक घडणीवरून करतात तसेच वेळेवरूनही करतात, ही गोष्ट भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. काही यंत्रे बैठकीची असतात. ती एकदा तापली, की आत भरलेला माल संपेपर्यंत ओढीत बसावे लागते. काही यंत्रे तलफेची असतात. मनात आले की दोन झुरके घ्यावयाचे, यंत्र बाजूस ठेवावयाचे, आणि उरलेला माल पुढल्या खेपेस तसाच उपयोगी पडावयाचा. या दुसऱ्या प्रकारचे चांगले यंत्र कसे ओळखावे, हा प्रश्न नवा दिसतो. वस्तुतः फलटण, माण, खटाव या भागांतील तंबाखू ओढणाऱ्यांनी तो फार पूर्वी सोडविला होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे.

प्रथम ‘तलफ’ हाच शब्द पाहावा. व्यसनी मनुष्याला होणारी अनिवार इच्छा हा त्याचा रूढ अर्थ होय. हिंदीत याच अर्थी ‘तलब’ शब्द चालतो, आणि अरबीत तलब म्हणजे मागणी. मराठी तलफेचे नाते या तलबेशी जोडणे स्वाभाविक आहे. तसे केले असता ‘मागणीसरशी’ मिळणाऱ्या साधनाला ‘तलफेचे साधन’ म्हणण्यात केवळ भाषांतर साधते असे नव्हे, तर मूळ शब्दच परत मिळतो.

फलटणची बोली मराठी भाषाशास्त्राला अपरिचित नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी तिच्यातील सामाजिक भेदांवर १९७३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला. उच्चारांचे व रूपांचे जसे भेद पाहावयाचे, तसे एकेका व्यवसायाच्या किंवा व्यसनाच्या शब्दांचे गट बारकाईने पाहिले, तर वस्तूंचा इतिहासही हाती लागतो. धूम्रपानाच्या शब्दांत तो विशेष स्पष्ट आहे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली व नावही घेऊन आली. दक्षिणेत ती किती लवकर रुळली याचा पुरावा असा, की सुमारे १६०४ साली असद बेग याने ती विजापुराहून नेऊन अकबराच्या दरबारी सादर केली. फलटणचे निंबाळकर विजापूरच्या आदिलशाहीतले सरदार, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे साधनांची नावे आली ती निरनिराळ्या वाटांनी. हुक्का हा अरबी शब्द. त्याचा अर्थ डबी. चिलीम फारसीतून आली. गुडगुडीने आपले नाव पाण्याच्या आवाजावरून स्वतःच घेतले. विडी मात्र घरची आहे. संस्कृत वीटिका म्हणजे पानाची सुरळी; तिच्यापासून विडा व विडी हे दोन्ही शब्द आले. थोर तो विडा, लहान ती विडी, हा लिंगभेदाने लघुत्व दाखविण्याचा मराठीचा नेहमीचा परिपाठ होय.

नावांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. हुक्का ‘भरतात’. चिलीमही ‘भरतात’, आणि ‘चिलीम भर’ या आज्ञेत भरणारा एक व ओढणारे अनेक हे गृहीत असते. विडी कोणी भरीत नाही. ती ‘शिलगावतात’. म्हणजे भरण्याचे काम आधीच, दुसरीकडे, दुसऱ्या कोणाच्या हातून झालेले असते. हा फरक वरवरचा नव्हे. चिलमीची तयारी पाहिली म्हणजे तो नीट समजतो. मातीच्या निमुळत्या नळीत तळाशी खडा टाकावयाचा, म्हणजे तंबाखू तोंडात येत नाही. तंबाखू चुरून वर बसवावयाची, तिच्यावर शेणीचा इंगळ ठेवावयाचा, बुडाशी छापी म्हणजे ओल्या फडक्याचा तुकडा गुंडाळावयाचा आणि दोन्ही हातांची ओंजळ करून ओढावयाचे. एवढा उद्योग एकट्याच्या एका झुरक्यासाठी कोणी करीत नसे. चिलीम फिरत असे ती केवळ स्नेहापोटी नव्हे. एकदा तापलेली चिलीम वाया जाऊ नये हेही कारण होते. हातचे काम टाकून आलेल्या गड्याला मात्र विडीच सोईची. म्हणूनच भाषेत ‘विडीकाडी’ हा जोडशब्द झाला. माल आणि अग्नी एकाच समासात आले व अवघे धूम्रपान त्याने व्यक्त होऊ लागले.

येथे निवडीचे पहिले सूत्र हाती येते. तत्पर साधनाचा खरा प्रश्न मालाचा नसून अग्नीचा असतो. अग्नी तत्काळ मिळविण्याचे मार्ग दोनच. एक तर तो सदैव जागता ठेवावा, नाही तर क्षणात निर्माण करता यावा. काडेपेटी घरोघर होण्यापूर्वी घरात राखेखाली विस्तव जपून ठेवीत आणि रानात चकमक बाळगीत, ते याच दोन मार्गांनी. आजचे बाष्पकही या दोहोंपलीकडे गेलेले नाहीत. काही यंत्रांत माणकाचे बारीक कृत्रिम मणी विजेवर सतत तापत ठेवलेले असतात. ओढताच हवा त्यांमधून तापून वनस्पतीवर जाते. ही राखेखालची आग होय. ती झटपट खरी, परंतु घरापुरती. शिवाय तापलेले यंत्र दिवसभर कोणाच्या तरी हातापायाशी राहते. उलट, डायनाव्हॅपसारख्या लहान धातूच्या नळीला गॅसच्या ज्योतीवर काही सेकंद धरले, की तिच्या टोपणातील चकती ‘टक्’ असा आवाज करून तापमान पुरे झाल्याचे सांगते. ही चकमक होय. बॅटरीची यंत्रे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतात, आणि त्यांच्या जाहिरातीत सांगितलेला वेळ बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा असतो हे विसरू नये.

दुसरे सूत्र उष्णता मालापर्यंत कशी पोहोचते याचे. काही यंत्रांत माल तापलेल्या भिंतींना टेकून असतो व वहनाने तापतो. भिंती जाड असल्या तर त्या उशिरा तापतात आणि उशिरा निवतात. म्हणून ओढणे थांबले तरी माल भाजतच राहतो. इतर यंत्रांत गरम हवा मालातून खेचली जाते, म्हणजे उष्णता अभिसरणाने येते. ओढणे थांबले की हवा थांबते आणि तापणेही जवळजवळ थांबते. तलफेसाठी हाच प्रकार योग्य. त्यात माल फार बारीक चुरू नये व दाबून भरू नये, अन्यथा हवेला वाट राहत नाही. वहनाच्या यंत्रात नेमके उलटे करावे लागते. तापमान सामान्यतः १६० ते २२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. त्याच्या फार वर गेल्यास पाने करपू लागतात आणि बाष्पक नावापुरतेच बाष्पक राहते. सिगारेटचे पेटते टोक झुरक्याच्या वेळी ९०० अंशांच्या आसपास जाते, हे आठवले म्हणजे दोहोंतील अंतर कळेल.

तिसरे सूत्र आधुनिक यंत्रविक्रेत्यांपेक्षा चरकाने चांगले सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचा विधी आहे. बोरूवर औषधांचा कल्क थापून, वाळवून, बोरू काढून घेतलेली आठ अंगुळांची यवाकार वर्ती तुपाने माखून नेत्राच्या, म्हणजे नळीच्या, टोकाला लावीत. नळीची लांबी उद्देशाप्रमाणे चोवीस, बत्तीस किंवा छत्तीस अंगुळे. ती सरळ, तीन पेरांची आणि टोकाशी बोराच्या आठळीएवढी. कारणही दिले आहे : दुरून आलेला, पेरांनी अडविलेला व अरुंद मार्गाने क्षीण झालेला धूर इंद्रियांना पीडा करीत नाही. झटपट तापणारी यंत्रे खिशात मावावीत म्हणून आखूड करतात आणि तेथेच त्यांची वाफ घशाला चटका देते. तेव्हा तत्परता आणि शीतलता यांत ओढाताण आहे. ती काचेच्या लांब नळीने वा पाण्याच्या भांड्याने सोडवावी, तर साधन पुन्हा गुडगुडीच्या वळणावर जाऊन बैठकीचे होते.

भारतात ही निवड प्रत्यक्ष बाजारात करावयाची नाही. २०१९ च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायद्याची व्याख्या इतकी व्यापक आहे, की निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगा वायुकल्प तयार करणारे कोणतेही विद्युत्-साधन तीत येते. त्याचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात हे सर्व गुन्हे असून पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गांजा १९८५ च्या कायद्याने निषिद्ध आहेच. विडीला मात्र असा प्रतिबंध नाही, ही विसंगती अनेकांनी दाखविली आहे व ती खोटी नाही.

कारण तलफेचे साधन म्हणून विडी जितकी निर्दोष, तितकीच प्रकृतीला घातक आहे, आणि दोहोंचे कारण एकच. ओढणे थांबले की ती विझते. अर्धी ओढलेली विडी कानावर ठेवून कामाला लागता येते व मग पुन्हा शिलगावता येते. यंत्रनिर्मात्यांनी एवढ्या खटपटीने जो गुण साधला, तो टेंभुर्णीच्या किंवा आपट्याच्या पानाने फुकट दिला होता. परंतु ती विझू नये म्हणून ओढणारा वरचेवर व खोल झुरके घेतो. त्यामुळे तिच्यात सिगारेटीपेक्षा पुष्कळ कमी तंबाखू असूनही शरीरात जाणारे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड कमी नसते. चरकाने धूमपानाला योग्य असे आठ काळ सांगितले. पण नित्याचा प्रायोगिक धूम दिवसातून दोनदाच, अशी मर्यादाही घातली. चिलमीला अशी मर्यादा कोणी घातली नव्हती. खडा, इंगळ, छापी आणि सोबती यांची जुळवाजुळव हीच तिची मर्यादा होती. विडीने ती काढून टाकली. बाष्पकानेही तेच केले.

तयारीचा वेळ मात्र नाहीसा झाला नाही, तो सरकला. विडी ‘भरणे’ हे क्रियापद ओढणाऱ्याच्या तोंडून गेले तेव्हा ते काम ‘वळणे’ या क्रियापदाने दुसरीकडे सुरू झाले होते. निपाणीच्या तंबाखूची आणि पानांची विडी वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच आहेत. सोलापुरात त्यांची संख्या इतकी, की २००६ साली शहराजवळ कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदावरी परुळेकरांचे नाव आहे. पान भिजविणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे ही सर्व तयारी तेथे होते, आणि तिची मजुरी तासांवर नव्हे तर हजार विड्यांवर मोजतात.